सात इंचांचा दिवा

दिवाळी अंकात दिव्याविषयी लिहायचं म्हटलं की पणती येते, आकाशकंदील येतो, तुळशीपुढची सांजवात येते. मी ज्या दिव्याविषयी लिहिणार आहे त्याला वात नाही आणि तेलही नाही. त्याचा व्यास सात इंच. तो एका जुन्या बुलेट मोटरसायकलच्या तोंडावर बसवलेला आहे. आमच्या सौंसरच्या घरात तो पस्तीस वर्षं विझलेला होता, आणि तो पुन्हा लागावा अशी इच्छा घरात कुणाचीही नव्हती.

ही गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादानं ती १९७८ साली घेतली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली, साडेतीनशे सीसीची. त्या काळी आमच्या भागात बुलेट म्हणजे ठाणेदाराची नाही तर मोठ्या बगीचेवाल्याची, असा हिशेब होता. आमचा बगीचा काही मोठा नव्हता, पण दादाला फिरण्याचं वेड मोठं होतं. संत्र्याचा आंबिया बहार निघाला की तो गाडी काढायचा. कधी तामियावरून पचमढी, कधी मुलताईला तापीच्या उगमावर, कधी नुसतंच वरूड-मोर्शीकडच्या सोयऱ्यांकडे. गाडीला दिवा होता सहा व्होल्टचा. त्याच्या पिवळसर उजेडात पुढचा रस्ता जितका दिसायचा तितकाच आपला, बाकीचा देवाचा, असं दादा हसत म्हणायचा.

डिसेंबर १९८९. कापसाचे दिवस होते. पांढुर्ण्याहून रात्री परतताना समोरून ट्रक आला. त्यानं दिवा खाली केला नाही. ट्रक बाजूनं निघून गेला तेव्हा दादाच्या पुढ्यात कापसानं भरलेली बैलगाडी होती. गाडीवान वाचला, बैल वाचले. दादा नागपूरला नेता नेता वाटेतच गेला.

पोलिसांचा पंचनामा अर्थातच हिंदीत होता. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर-वऱ्हाड त्या बाजूला गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आमचं रडणं मराठीत आणि त्याची नोंद हिंदीत, अशीच रीत आहे. त्यात आता काही वावगंही वाटत नाही. त्या पंचनाम्यात ‘चकाचौंध’ असा एक शब्द होता. वहिनीनं मला विचारलं, “भाऊजी, म्हणजे काय हो?” मी म्हटलं, “डोळे दिपले.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दिव्यानं?”

दिवा, दीप आणि दिपणं. आपल्या भाषेनं उजेडाच्या घरातच आंधळं होण्याचा शब्द ठेवला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. आणि गंमत पाहा, दिवा खाली करण्याला रस्त्यावरचे लोक ‘डिप’ म्हणतात. तो शब्द इंग्रजी. ट्रकवाले त्याचं ‘अप्पर-डिप्पर’ करतात, आणि ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ रंगवलेलं असतं. उच्चारानं दोन्ही शब्द शेजारी शेजारी, आणि एकानं करायचं ते दुसऱ्यानं टाळायचं.

गाडी वाकली होती. ती सरळ करून आणली आणि गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली ठेवून दिली. विकायला वहिनी तयार नव्हती आणि चालवू द्यायलाही नाही. दादाचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. तो मोठा झाला, नागपुरात नोकरीला लागला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यानं ताडपत्री काढली. “काका, ही चालू करायची. श्रावणात पचमढीला जायचं.” वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता एकच वाक्य उच्चारलं, “चालव, पण अंधारात घरी येशील तेव्हा मला समोरचं कसं दिसतं ते आधी दाखव.”

आता ही अट इंजिनाची नव्हती, ब्रेकची नव्हती. दिव्याची होती. म्हणून गाडी टेम्पोत घालून आम्ही पांढुर्ण्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि आमचं सौंसरही त्याच जिल्ह्यात आलं. मिस्त्रीचं दुकान मात्र पूर्वी होतं तसंच आहे. टिनाचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन, अर्धी भाषा मराठी आणि अर्धी हिंदी.

पुतण्यानं नागपूरहून एक एलईडी बल्ब आणला होता. खोक्यावर उजेडाचे मोठमोठे आकडे छापलेले. “हा लावून द्या, दिवसासारखं पडेल,” तो म्हणाला. मिस्त्रीनं खोकं हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवलं.

“भाऊ, बल्बाले दोष काहून देता? बिचाऱ्यापाशी करंट पोचूनच नाही राह्यला.”

त्यानं मीटर काढलं. जुनी बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून दुकानातली चार्ज केलेली सहा व्होल्टची जोडली. बॅटरीवर काटा दाखवत होता ६.२ व्होल्ट. दिवा लावून तेच मीटर बल्बच्या होल्डरला टेकवलं, तर ५.१. वाटेत एक व्होल्टहून अधिक हरवलेलं. कुणाला वाटेल, एका व्होल्टानं काय होतं? पण तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. इथे तूट सुमारे अठरा टक्क्यांची, म्हणजे उजेड निम्म्यावर. दादा इतकी वर्षं निम्म्या दिव्यावर फिरला होता की काय, कोण जाणे.

संत्र्याच्या बगीच्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला विजेचं शास्त्र लागत नाही. विहिरीवर पाणी भरपूर असतं. पाट जुना, जागोजागी झिरपणारा, मध्ये गवत माजलेलं. मग ओळीतलं शेवटचं झाड सुकतं आणि आपण झाडाला खत घालत बसतो. मिस्त्री तेच सांगत होता. झाड बदलू नका, पाट साफ करा.

हा पाट कुठे कुठे झिरपत होता ते त्यानं एकेक करून दाखवलं. बटणाच्या आतले पितळी टेकू काळे पडलेले. वायर जागोजागी हिरवट झालेली. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे परतीचा रस्ता. दिव्यातून गेलेला करंट बॅटरीकडे परत यावा लागतो. जुन्या गाडीत तो परत यायचा गाडीच्या लोखंडातूनच, आणि वाटेत त्याला हँडलच्या मुळाशी असलेल्या, ग्रीसनं माखलेल्या गोळ्यांतून जावं लागायचं. ग्रीस ही काही वीज वाहणारी वस्तू नाही. “अर्थिंग म्हणजे घरी परत यायची वाट,” मिस्त्री म्हणाला, “थेच खराब असन तं जाणारा निघूनच का करन?” त्यानं दिव्याच्या होल्डरपासून थेट बॅटरीपर्यंत एक जाड काळी वायर ओढली. दिवसभराच्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग तो, आणि सगळ्यात गुणकारी.

मग गाडी सहावरून बारा व्होल्टवर नेली. यात जादू काहीच नाही, साधा गुणाकार आहे. छत्तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर लावला तर सहा अँपिअर करंट ओढतो. बारा व्होल्टवर तोच दिवा तीन अँपिअरवर भागतो. करंट निम्मा, म्हणून त्याच वायरीत गळती निम्मी. आणि मुळातलं व्होल्टेज दुप्पट असल्यानं त्या गळतीचा वाटा चौथाईवर येतो. त्यासाठी बॅटरी, रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न, मागचा दिवा, सगळंच बदलावं लागलं. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड वीज तयार करणारी प्लेट असते, तीही बदलली. शेवटी एक रिले बसवला. हा पेरूएवढाही नसतो, पण काम पाटकऱ्याचं करतो. हँडलवरचं बटण फक्त त्याला इशारा देतं, आणि तो बॅटरीतून दिव्याकडे थेट पाणी सोडतो. बटणावर भार येत नाही.

बल्ब कोणता, यावर मात्र काका-पुतण्यात दोन तट पडले. हॅलोजनचा एच-फोर बल्ब १९७१ पासून जगभर चालत आला आहे. त्यात वरचा दिवा ६० वॅट, खालचा ५५. पुतण्याला तो हवा होता. मिस्त्रीनं बोटांवर हिशेब केला. खालच्या दिव्याचे साडेचार अँपिअर, इग्निशनचे तीन-चार, मागच्या दिव्याचा अर्धा. गाडी गावात हळू चालेल तेव्हा एवढी वीज ती बनवू शकणार नाही. बुलेटच्या तोंडावर दिव्याच्या वरच एक छोटं अँपिअर मीटर असतं. त्याचा काटा डावीकडे झुकला की समजावं, आपण कमाईपेक्षा जास्त खर्च करतो आहोत. मिस्त्रीनं ३५/३५ वॅटचा हॅलोजन लावला. काटा मधोमध उभा राहिला.

एलईडीचं खोकं परत नागपूरला गेलं. त्यामागचं कारण मिस्त्रीनं सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. दिव्याच्या मागची ती चकचकीत वाटी, तिचा आकार एका ठरावीक बिंदूसाठी घडवलेला असतो. तार नेमकी त्या बिंदूवर असेल तरच उजेड हवा तिथे पडतो. हॅलोजनमध्ये खालच्या दिव्याच्या तारेखाली धातूची एक चिमुकली पळी असते. वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडून तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत उसळू नये, एवढंच तिचं काम. एलईडी वाईट नाही. ज्या गाड्यांचे दिवे त्यासाठीच घडवले आहेत तिथे तो उत्तम. पण जुन्या वाटीत तो नुसता खुपसला तर उजेड देणारे ठिपके बिंदूवर बसत नाहीत. उजेड सगळीकडे सांडतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख पडलं! समोरच्याला काहीच दिसत नाही.

काचेचीही एक गोष्ट आहे. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून खालच्या दिव्याचा झोत डावीकडे किंचित वर उचललेला हवा. पायी चालणारे, कडेचे दगड, उभी गाडी दिसावी म्हणून. उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांतली काच लावली तर तो झोत उजवीकडे, थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर उचलला जातो. बाजारात दोन्ही मिळतात आणि दुकानदार सांगतोच असं नाही.

कायद्यानंही याचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला १०६ वा नियम. दिव्यापासून ८ मीटरवर, रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. नियम लागू झाला तेच साल दादाचं. मी ते वाचलं तेव्हा दीड मीटर म्हणजे किती, हे हातानं मोजून पाहिलं. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्यावरच येतात.

दिवा घरी आणल्यावर त्याला भिंतीवर बसवायचं काम राहिलं होतं. सपाट अंगणात, गोठ्याच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली. खालच्या दिव्याची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली राहिली पाहिजे. पण गाडी रिकामी ठेवून हे करायचं नाही. माणूस बसला की गाडीची मागची बाजू दबते आणि झोत वर जातो. मागे दुसरा बसला, सामान लादलं की आणखी वर. म्हणून पुतण्या पुढे बसला, मी मागे, आणि दोन्ही बाजूंना प्रवासाच्या भरलेल्या पिशव्या. स्क्रू फिरवायला कोण? वहिनी उठली. तिनं पदर खोचला, मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे पेचकस लावला, आणि झोत हळूहळू रेघेखाली उतरवला. पस्तीस वर्षांत तिनं त्या गाडीला पहिल्यांदा हात लावला होता.

मग ती पंचवीस फूट चालत गेली आणि भिंतीला पाठ लावून दिव्यासमोर उभी राहिली. आम्ही काही बोललो नाही. तिनं सांगितलं, “वरचा लावा.” लावला. तिनं डोळ्यांवर हात घेतला. “आता खालचा.” तिनं हात काढला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. म्हणाली, “तुमची तोंडं दिसताहेत.”

अट पूर्ण झाली होती, पण तिचा प्रश्न संपला नव्हता. रात्री जेवताना तिनं विचारलं, “आपण खाली केला. समोरच्यानं नाही केला तर?”

याचं उत्तर मिस्त्रीच्या पेटीत नव्हतं. मी पुतण्याला घेऊन रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानी घाटात संध्याकाळी गेलो. वळणावळणावर ट्रक येत होते. दिवा उत्तम होता, डावी कड स्वच्छ दिसत होती. तरी दर दहांतले तीन-चार जण वरचा दिवा तसाच ठेवून अंगावर यायचे, आणि ते गेल्यावर क्षणभर पुढे नुसता काळा पडदा. वय झालेल्या डोळ्यांना तो पडदा दूर व्हायला आणखी वेळ लागतो. त्या क्षणात साठच्या वेगानं जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून समोरून झोत आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेला लावायची आणि मूठ सोडायची, हे मी त्याला सांगितलं. दिव्याला उत्तर म्हणून आपणही वरचा लावायचा, हा रस्त्यावरचा रिवाज आहे. पण दोघेही आंधळे झाले तर त्यात न्याय कसला?

आणि घाटातून उतरताना एक ट्रॅक्टरची ट्रॉली लागली. संत्र्याचे क्रेट रचलेले, मागे एकही दिवा नाही, मातीनं रंग गेलेला. चांगल्या दिव्यातही ती आम्हाला उशिरा दिसली. माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते इतक्या वर्षांत आलं नव्हतं. दादाचा दिवा बारा व्होल्टचा असता तरी कदाचित फरक पडला नसता. बैलांचे डोळे अंधारात चमकतात, पण ते पुढे पाहत असतात. गाडीवान कंदील लावतो, पण तो जुवाखाली, बैलांच्या पायांपुरता. गाडीची मागची बाजू, जिथे माणूस आदळतो, ती फक्त काळी असते. दिव्यानं उजेड पाठवणं हे अर्धंच काम. समोरून कुणीतरी तो परत पाठवला पाहिजे. घरी परत यायची वाट, मिस्त्री म्हणाला होता तीच.

पुतण्या श्रावणात छिंदवाडा-तामियावरून पचमढीला जाऊन आला. पाऊस होता, धुकं होतं. त्यानं दर मुक्कामावरून आईला फोन केला आणि एकदाही रात्री नऊनंतर गाडी चालवली नाही. दिव्याविषयी तो एवढंच म्हणाला की दोन-तीन ट्रकवाल्यांनी आपणहून दिवे खाली केले. त्याचा खाली दिसला म्हणून केले असतील, असं त्याला वाटतं. असेलही.

वहिनीनं मात्र घाटातली गोष्ट ऐकून ठेवली होती. पोळ्याच्या आधी तिनं मला सावनेरहून लाल चकाकणाऱ्या पट्टीची दोन भेंडोळी आणायला लावली. या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा लोलक असतात आणि ते उजेड इकडेतिकडे न सांडता जिथून आला तिथेच परत धाडतात. पोळ्याच्या दिवशी आमच्या वस्तीत बैल सजून आले. शिंगांना रंग, अंगावर झुली. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणून पोरं त्याच गप्पांत होती. वहिनी कैची आणि भेंडोळं घेऊन ओळीनं उभ्या गाड्यांच्या मागे मागे फिरत होती. ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं, हातभर पट्टी कापायची, दोन्ही टोकांना चिकटवायची. एका म्हाताऱ्या गाडीवानानं विचारलं, “बाई, पूजा बैलाची असते, मागून कायची करून राह्यल्या?”

“ही पण त्याचीच,” ती म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

त्या दिवशी सतरा गाड्या आणि चार ट्रॉल्या झाल्या. भेंडोळ्यात थोडी पट्टी उरली आहे. कापसाचा हंगाम सुरू होईल तसे बाहेरगावचे गाडीवान या रस्त्यानं यायला लागतील, त्यांच्यासाठी ती दाराशीच खुंटीला लावून ठेवली आहे.